कप्तानाचं शुद्धिपत्र

कुठलंही पुस्तक हातात आलं की आमचे मालक ते शेवटच्या पानापासून उघडायचे. मागं शुद्धिपत्र आहे का ते आधी बघायचे. असलं तर खूश होऊन म्हणायचे, "हा माणूस इमानदार हाय." नसलं तर पुस्तक बाजूला सारायचे. चुका नसलेलं पुस्तक जगात नाही, चुका लपवणारी मात्र ढीगभर आहेत, असं त्यांचं मत होतं.

उस्मानपुऱ्यात त्यांचा छापखाना होता आणि मी तिथं बाइंडिंगला होते. छापून आलेले कागद दुमडायचे, एकावर एक लावायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे आणि खळ लावून वर कव्हर चिकटवायचं, हे माझं काम. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, तेवढी या कामाला जास्तच होती. नवऱ्यानं घरात काही आणायचं सोडलं म्हणून मी कामाला लागले. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

मशीनवर बशीरभाई होते. मशीन पायानं चालवायची होती, तिला वीज लागत नसे, बशीरभाईचा पाय लागायचा. खिळे जुळवायचं काम मालक स्वतः करायचे. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. लाकडी खणांतून एकेक उचलून त्यांची ओळ लावायची. ती अक्षरं उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. मालकांना ती सरळ अक्षरांपेक्षा भरभर वाचता यायची. ते सांगायचे, पोलीस ॲक्शनच्या आधी आपली शाळा उर्दूत झाली, उजवीकडून वाचायची सवय तेव्हाच लागली, मराठी नंतर डावीकडून आलं, त्यामुळं आपल्या घराला दोन्हीकडून दार आहे. खरं असेल. पण रिक्षात बसले की ते दुकानांच्या पाट्या रिक्षाच्या आरशात वाचत बसायचे आणि उतरायची जागा मागं जायची.

त्यांचं शुद्धिपत्राचं वेड किती होतं ते सांगते. एकदा एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचं नाव पडलं. थोरल्याचं लग्न होऊन त्याला पोरं झालेली. पत्रिका सगळ्या छापून झाल्या होत्या. दुसरा कोणी असता तर त्यानं पाय धरले असते. मालकांनी एक गुलाबी चिठ्ठी छापली, 'वराच्या नावात चूक झाली आहे. थोरल्याऐवजी धाकटा वाचावे. मुहूर्त तोच.' ती मी खळ लावून प्रत्येक पत्रिकेला डकवली. वरबाप भांडायला आला. मालकांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "पाटील, चूक कोण करत नाय? पण छापून कबूल कोण करतं, ते सांगा." तो चहा पिऊन गेला. लग्नात थोरल्याची बायको दिवसभर नवऱ्याचा हात धरून उभी होती म्हणे. कोणी चिठ्ठी न वाचता आलं तर काय घ्या.

टीव्ही आमच्या गावात नुकता पसरत होता तेव्हाची ही गोष्ट. मालकांच्या जावयाचं क्रांती चौकात टीव्हीचं दुकान होतं. दुकान एवढंसं, पण पुढं मोठी काच होती आणि काचेतला एक टीव्ही फुटपाथकडं तोंड करून ठेवलेला. रविवारी सकाळी त्याच्यावर एक हिंदी मालिका लागायची. एक कप्तान, एक डॉक्टरीणबाई आणि डब्यासारखा एक यंत्रमानव विमानात बसून दुसऱ्या ग्रहावर जातात, तिथं हिरवे राक्षस भेटतात, असं काहीतरी. टीव्ही काळा-पांढरा होता, राक्षस हिरवे कशावरून असं मी विचारलं, तर मालक म्हणाले, तोंडावरून कळतं.

मालक सासरे असून दुकानात कधी पाऊल ठेवत नसत. आत गेलं की खुर्ची मिळायची, चहा मिळायचा आणि जावई जागेचं बोलणं काढायचा. त्याला छापखान्याची जागा मोठ्या दुकानासाठी हवी होती. म्हणून मालक बाहेर फुटपाथवर, रिक्षावाले, भाजीवाल्या आणि शाळेची पोरं यांच्या गर्दीत उभं राहून बघायचे. बशीरभाई आणि मी सोबत. जावई आतून हात करायचा, मालक त्याला ओळखत नसल्यासारखे कप्तानाकडं बघत राहायचे.

जागेचा आग्रह खरा काकूंचा होता. काकू म्हणजे मालकांची बायको. लेकीचं दुकान टपरीएवढं आणि नवऱ्याचा छापखाना रिकामा, हे त्यांना बघवत नव्हतं. रिकामा म्हणजे लग्नसराईत पत्रिका असायच्या, एरवी मालक खिळे पुसत बसायचे. एका रविवारी घरी आल्यावर मालकांनी जाहीर केलं की आपण या मालिकेची मराठी कादंबरी करून छापणार. काकू छापखान्यात आल्या, आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "करा. पण दिवाळीपर्यंत छापलेले गठ्ठे इथून हलले नाय, तर चाव्या मी जावयाला देणार. मग या दोघांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

या दोघांना म्हणजे बशीरभाईला आणि मला. त्या दिवसापासून कप्तानाची काळजी मलाही लागली. मला दुसरीकडं कोणी कामाला ठेवलं नसतं.

परवानगीचं मी एकदा विचारलं. मालक म्हणाले, "आभाळ काय त्यांच्या सातबाऱ्यावर हाय?"

आता कादंबरी लिहायची म्हणजे माणूस कागद-पेन घेऊन बसतो. मालक कागदावर लिहायचेच नाहीत. मालिका बघून आले की उभ्या उभ्या खणांतून खिळे उचलायला लागायचे. ओठ हलायचे, हात चालायचा, आणि गोष्ट सरळ शिशात उतरायची. खिळे आमच्याकडं थोडे, आठ पानं भरली की संपायचे. मग ती आठ पानं बशीरभाईंनी लगेच छापायची आणि खिळे परत खणांत टाकायचे, कारण सोमवारी सकाळी पत्रिकांना तेच लागायचे. म्हणजे जे छापलं ते छापलं. मागं जाऊन बदलायला काही शिल्लक राहायचंच नाही.

लग्नसराई चालू असल्यामुळं कप्तानाचे हाल झाले. मालिकेतलं विमान मंगळावर जात होतं. पण आमच्याकडं ळ थोडे, आणि तेव्हा सगळे ळ मंडळी, वेळ आणि विवाहस्थळ यांत अडकलेले. मालकांनी विमान शुक्रावर नेलं. म्हणाले, तिकडं गर्दीही कमी असते. विमान सुटलं ते हर्सूलच्या तलावाकाठून. विमानाचं चित्र छापायला आमच्याकडं ठसा नव्हता, लग्नाच्या कलशाचा होता. तो त्यांनी उलटा लावला. नारळ आणि आंब्याची पानं खाली आली, ती आग झाली. कव्हरला पत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद. कोपऱ्यात सोनेरी गणपती आधीच छापलेला होता, तो तसाच राहू दिला. प्रवासाला निघालेत, असू द्या म्हणाले.

असं छान चाललेलं असताना एका रविवारी घोळ झाला. कप्तानावर राक्षसानं काहीतरी फेकलं. कप्तान खाली पडला, डोळे मिटले. डॉक्टरीणबाईनं त्याच्या छातीला कान लावला, आणि क्रांती चौकातली वीज गेली.

फुटपाथवर कोणी हलेना. वीज येईपर्यंत मालिका संपून गेलेली. मेला की नाही, यावर भाजीवाल्या आणि रिक्षावाले भांडायला लागले. मालकांनी बशीरभाईकडं बघितलं, कारण बशीरभाईची नजर चांगली होती. बशीरभाई म्हणाले, "गया मालिक. मैं देख्या ना, छातीच नहीं हिली."

मालक मान खाली घालून छापखान्यात आले आणि त्यांनी कप्तानाला मारलं. साधं मारलं नाही, सगळं यथासांग केलं. डॉक्टरीणबाई त्यांनी मनातल्या मनात कप्तानाची बायको धरली होती, तिनं बांगड्या फोडल्या. विमानात पाणी कमी, म्हणून सगळ्यांनी वाटीवाटीनं आंघोळी केल्या. दहाव्याला पिंड ठेवला, तर शुक्रावर कावळा कुठला? शेवटी यंत्रमानवाला कावळा केलं. तो पंख हलवल्यासारखे हात हलवत आला आणि पिंडाला शिवला. हे जुळवताना मालक रडत होते आणि आम्ही दोघं तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसत होतो. संध्याकाळपर्यंत पानं छापून, दुमडून झाली. खिळे खणांत गेले.

पुढच्या रविवारी कप्तान पलंगावर बसून स्टीलच्या पेल्यातून काहीतरी पीत होता.

फुटपाथवर टाळ्या पडल्या. आम्ही तिघंच टाळ्या न वाजवता उभे. बशीरभाई हळूच म्हणाले, मालिक, छाती अब हिल रई. मी म्हणाले, "मालक, आपण तर याचा दहावा घातला."

मालक रिक्षात बसले आणि आरशात पाट्या वाचायला लागले. उस्मानपुरा मागं गेला. मग एकदम त्यांचं तोंड उजळलं, रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शुद्धिपत्र."

बशीरभाईला ते पटेना. त्यांनी विचारलं, "मालिक, मय्यत हो गई सो आदमी कू कागज लगा के जिंदा करते क्या?"

"कागदावरच मेला हाय ना? कागदावरच उठंल."

आणि त्यांनी ते केलं. मला ते अजून पाठ आहे, कारण शेकड्यानं दुमडलं. 'कप्तानाने प्राण सोडला ऐवजी कप्तानाला डुलकी लागली असे वाचावे. बांगड्या फोडल्या ऐवजी बांगड्या बदलल्या असे वाचावे. आंघोळी केल्या, हे बरोबर आहे, रविवार होता. पिंड ऐवजी नाश्ता असे वाचावे. कावळा शिवला ऐवजी यंत्रमानवाने चव बघितली असे वाचावे.' दहाव्याचं तेवढं शेवटाला ठेवलं होतं. मग जुळवलं, 'दहावा ऐवजी वाढदिवस असे वाचावे.'

तिथून पुढं मालकांना धरबंद राहिला नाही. आता काहीही चुकलं तरी भीती नव्हती. मालिकेत एक माणूस एका रविवारी गद्दार निघायचा, पुढच्या रविवारी सज्जन निघायचा. मालक आधी त्याला फासावर द्यायचे, मग शुद्धिपत्रात फास ऐवजी हार असे वाचावे. एकदा राक्षसांची राणी त्यांना आवडली, तर तिला आमच्या गावात आणून एक आख्खं प्रकरण हिमरू शालींची खरेदी करवली. काकू म्हणाल्या, मला कधी नेलं नाही खरेदीला. मालकांनी शुद्धिपत्रात राणी ऐवजी काकू असे वाचावे टाकलं. काकूंनी ते वाचलं की नाही मला माहीत नाही, पण त्या आठवड्यात चहात साखर जास्त होती. हळूहळू पुस्तक बारीक आणि शुद्धिपत्र जाड व्हायला लागलं.

हसण्यासारखं होतं तसं काळजीचंही होतं. छापलेले गठ्ठे आढ्याला लागले होते. शेवट छापल्याशिवाय पुस्तक बांधता येईना, आणि मालिका काही संपेना. दिवाळी तोंडावर आली. एके दिवशी जावयाचा सुतार टेप घेऊन आला आणि माझी खळीची बादली सरकवून भिंत मोजायला लागला. इथं कलर टीव्हीचा खण होणार म्हणाला. मी बादली परत जागेवर ठेवली. त्यानं परत सरकवली. मी परत ठेवली, थोडी खळ त्याच्या टेपला लागली. मालक खणांपुढं पाठ करून उभे होते. त्यांनी मागं बघितलं नाही.

मग मालिकेचा शेवटचा भाग लागला. पुढच्या रविवारी शेवट, असं टीव्हीतल्या बाईनं आधी सांगितलं होतं, त्यामुळं क्रांती चौकात जत्रा भरली होती. विमानाचं एक चाक जळत होतं. कप्तान म्हणाला, अब एक ही रास्ता है. आणि वीज गेली.

या वेळी चौकातली नाही, आख्ख्या गावातली. कुठंतरी मोठी तार तुटली होती. वीज दुपारी आली. पुढच्या रविवारी त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम सुरू झाला.

म्हणजे कप्तानाचा रस्ता कोणता, ते आख्ख्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. लोकांनी पाव्हण्यांना फोन लावले. पुण्याच्या पाव्हण्यांनी सांगितलं, आम्ही असलं बघत नाही. मुंबईचे म्हणाले, कप्तान मरतो. नाशिकचे म्हणाले, लग्न होतं. चहाच्या गाड्यांवर दुसरा विषय नव्हता.

मालक मात्र वीज गेली तशी चौकातून सरळ छापखान्यात आले होते. कोणाला काही न विचारता त्यांनी शेवटची पानं जुळवली. त्या दिवशी ओठ हलत नव्हते, नुसता हात चालत होता. त्यांच्या शेवटात कप्तान परत येतच नाही. डॉक्टरीणबाईला आणि यंत्रमानवाला तो हर्सूलला धाडून देतो आणि स्वतः शुक्रावर राहतो. कशासाठी? तर शुक्रावर छापखाना नव्हता. तिथली पोरं तोंडी लग्नं करायची, कोणाला बोलवायचं राहून जायचं आणि भांडणं व्हायची. कप्तान विमान मोडून त्याचे खिळे पाडतो आणि पहिली पत्रिका छापतो.

मी म्हणाले, लोक म्हणतील हे टीव्हीत नव्हतं. मालक म्हणाले, "बघितलंय कोणी?"

मग त्यांनी गुलाबी कागदावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ छापली, 'शेवट आमच्याकडे.' खाली पत्ता. बशीरभाई आणि मी ते कागद चौकातून आणि उस्मानपुऱ्यातून डकवत फिरलो. दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं यायला लागली. मी शिवत होते आणि ती माझ्या हातातून ओली पुस्तकं ओढून नेत होती. खळ वाळू द्या म्हटलं तर ऐकत नव्हती. लोक आधी शेवट वाचायचे, मग त्याला लागूनच असलेलं शुद्धिपत्र वाचायचे, आणि मग रस्त्यातच उभं राहून हसत सुटायचे. सुरुवातीपासूनचं पुस्तक किती जणांनी वाचलं, देवाला माहीत.

तरी गठ्ठे आढ्यापासून हातभरच खाली आले. दिवाळीच्या अगदी आधी जावई आला. मालक रॉकेलनं हातांची शाई काढत होते. जावई स्टुलावर बसला. पावसाचं बोलला, मशीनचं बोलला, बशीरभाईच्या गुडघ्याची चौकशी केली. मालक हात पुसत राहिले. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"मामा," शेवटी जावई म्हणाला, "तो कप्तान घरी येतो का हो?"

"जावईबापू, तुम्ही जागेचं बोलायला आलात का कप्तानाचं?"

जावयानं काकूंकडं बघितलं, मग आढ्याकडं. "कप्तानाचं. दुकानात गिऱ्हाईक टीव्हीचं नाय, त्याचंच विचारतंय. घरी पोरं जेवू देईनात. टीव्ही माझा, आन् शेवट मलाच ठाऊक नाय."

"मग पुस्तक घ्या. सांगायचं असतं तर छापलं कशाला असतं?"

जावयानं एक घेतलं आणि तिथंच स्टुलावर वाचलं. शुद्धिपत्रातल्या वाढदिवसाला आला तेव्हा त्याला ठसका लागला, काकूंना पाणी आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो रिक्षा घेऊन आला आणि उरलेले गठ्ठे भरून घेऊन गेला. दिवाळीत टीव्ही घेईल त्याला कादंबरी फुकट, अशी पाटी त्यानं काचेत लावली. ती पाटीही आम्हीच छापली. गठ्ठे हलले होते, कसे हलले ते काकूंच्या अटीत नव्हतं. काकू रिकाम्या आढ्याकडं बघून म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीला बघू," आणि चाव्या कनवटीला लावून आत गेल्या. पुढं ऑफसेट आलं आणि छापखाना तसाही बसला, पण ते पुष्कळ नंतर. तोवर माझी पोरगी शिकून कामाला लागली होती.

मधे काही वर्षं गेली आणि टीव्हीवर ती मालिका पुन्हा लागली. तेव्हा मालक थकले होते. बशीरभाईंचा गुडघा गेला होता, मशीन आठवड्यातून एखाद्या दिवशीच चालायची. या वेळी शेवटच्या भागाला वीज गेली नाही. मालक जावयाच्या दुकानात, आत, खुर्चीवर बसले होते. मी शेजारी. कप्तान म्हणाला, अब एक ही रास्ता है, आणि डोळे चोळत स्वतःच्या घरातल्या पलंगावर उठून बसला. त्याची आई चहा घेऊन आली. विमान, मंगळ, राक्षस, डॉक्टरीणबाई, सगळं स्वप्न होतं.

दुकानात सगळे मालकांकडं बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, काका, तुमच्या पुस्तकात तर निराळंच होतं. जावई म्हणाला, जाऊ द्या मामा, जुनी गोष्ट झाली.

मालक उठले, रिक्षा केली आणि छापखान्यात गेले. एक खिळा त्यांच्या हातून सारखा सारखा खाली पडत होता, तो मी उचलून दिला. बशीरभाईंनी दुखऱ्या पायानं मशीन मारली. मालकांनी मला सांगितलं, घट्ट डकव. मी म्हणाले, हे सांगायची गरज नाही.

सोमवारी सकाळी जावयानं शटर वर केलं तर काचेवर, टीव्हीच्या बरोबर तोंडावर, गुलाबी कागद होता. 'शुद्धिपत्र. काल दाखवलेल्या शेवटच्या भागात एक चूक झाली आहे. हे सर्व स्वप्न होते ऐवजी हे सर्व घडले असे पाहावे. तसदीबद्दल क्षमस्व.'

जावयानं पोऱ्याकडून तो पाण्यानं भिजवला, ब्लेडनं खरवडला, रॉकेलही लावून बघितलं. मोरचूद घालून घट्ट शिजवलेली खळ होती माझी. नवी काच बसवेपर्यंत निघाली नाही.